‘चालेल’ म्हणजे हो नव्हे

आमची शमा फुनाबोरीच्या शाळेत पहिलीत गेली, ते साल २०१६. उत्तरेतल्या मोठ्या भूकंपाला पाच वर्षं उलटली होती. माझा मुलगा अंबरीष मुंबईच्या बँकेकडून तोक्योला आलेला. सून अक्षया दुपारी बाइतोला जायची, म्हणजे चार तासांची नोकरी. त्यामुळे नातीला स्केटिंगला नेणं माझ्याकडे आलं.

वॉर्डाच्या त्या इमारतीत उन्हाळ्यात पोहायचा तलाव असे, आणि हिवाळ्यात त्याच जागी बर्फ. नोव्हेंबर होता. बाहेर बारीक, चिवट पाऊस. साडीवर दोन स्वेटर चढवून मी कठड्याच्या उघड्या दाराशी उभी होते, हातात शमाची पाण्याची बाटली. एवढ्यात कॉलेजातला एक दांडगा मुलगा तोल जाऊन सरळ माझ्या रोखानं आला. पाय हलेनात माझे.

आणि मग कुठूनसा एक उंच, पांढऱ्या केसांचा माणूस उलटा सरकत आला... पाठ माझ्याकडे, तोंड त्या मुलाकडे. धडक त्यानं छातीवर घेतली. आवाज झाला, पण तो जागचा हलला नाही. मुलाला धरून उभं केलं, आणि मग वळून मला विचारलं,

“दाइजोबु?”

ठीक आहात ना, असं ते विचारणं. माझ्या तोंडून सवयीनं निघालं, “चालेल.”

“चारेरु?” त्यानं मान तिरकी केली. “चारेरु म्हणजे काय?”

वॉर्डाच्या वर्गात तीन वर्षं जपानी शिकत होते मी. मराठी अक्षरं पस्तिशीत अंबरीषच्या पाटीवर गिरवली होती, ही साठीजवळ. जेवढं येत होतं तेवढ्यात सांगितलं, “चालेल म्हणजे... दाइजोबु.”

चूक तिथेच झाली. पण ती कळायला दीड वर्ष लागलं.

त्यांचं नाव कुदो तेत्सुओ. ते तिथे स्केटना धार लावायचे. शमा बर्फावर असायची तेव्हा मी त्यांच्या खिडकीशी स्टुलावर बसायची. ते नाणं टाकायच्या यंत्रातून गरम मक्याच्या सूपचा डबा आणून न बोलता माझ्या हातात द्यायचे. प्यायच्या आधी मी तो बराच वेळ नुसता धरून ठेवायची.

“कारुपाना-सान, थंडी वाजते?”

“कल्पना. ल. जीभ वर लावा.”

“कारु...पाना.”

“राहू द्या. तुमच्या जिभेला बर्फ लागलाय.”

ते हसले की डाव्या बाजूला दोन दात नसलेली जागा दिसे. ते दात काळ्या रबरी चकतीनं नेलेले. हनुवटीवरचे सात टाके एका काठीचे, आणि उजव्या हाताचं मधलं बोट वाकडं जुळलेलं. सतरा हिवाळे ते आइस हॉकी खेळले, पोटासाठी. जागा मात्र बचावाची.

“गोल किती केलेत?” मी विचारलं.

“नऊ.”

“सतरा वर्षांत नऊ? मग पगार कशाचा देत होते तुम्हाला?”

“न झालेल्या गोलांचा,” ते म्हणाले. “ते कुणी मोजत नाही.”

बचाववाला उलटा सरकतो, हे मला त्यांनीच समजावलं. समोरून येणाऱ्यावरची नजर काढायची नाही. त्याचे डोळे फसवतील, काठी फसवेल, छाती फसवत नाही. म्हणून छातीकडे बघायचं आणि मागे मागे जात राहायचं. ती सवय त्यांच्या अंगातच मुरली होती. वेळ संपली की कठड्यापासून निरोप घेताना ते बर्फावरून उलटेच जायचे, थेट पलीकडच्या टोकापर्यंत, माझ्याकडे बघत.

“असे काय जाता? मी काय तुमच्यावर गोल करणार आहे?”

“झाला,” ते म्हणाले. “मला दिसलाच नाही.”

घरी येताना शमानं विचारलं, “आजी, तुझे गाल का लाल?” मी म्हटलं, “थंडी.”

पुढच्या मार्चमध्ये, अकरा तारखेला, म्हणजे त्या भूकंपाच्याच दिवशी, त्यांनी खिडकी बंद ठेवली. शमा बर्फावर गेली, मी मागच्या दारानं आत गेले. ते नुसते बसले होते, धार लावायचं यंत्र बंद करून. त्यांचं घर सान्रिकूच्या किनाऱ्यावर होतं. त्या दुपारी ते मोरिओकाला मुलांना खेळ शिकवत होते. समुद्राचं पाणी आलं तेव्हा बायको घरी होती. तिसऱ्या आठवड्यात सापडली.

“माझं काम एकच होतं,” ते म्हणाले. “मागे असलेल्याला लागू द्यायचं नाही. सतरा वर्षं तेच केलं. त्या दिवशी मी समोर नव्हतो.”

माझ्या हातात सूपचा डबा होता, तो मी त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो नुसता धरून ठेवला... मी धरायची तसा.

बर्फ गेला, पोहायचा तलाव आला, पुन्हा बर्फ आला. दुसरा हिवाळाही तसाच गेला, स्टुलावर. २०१८च्या मे महिन्यात अंबरीषच्या बदलीची ऑर्डर आली. जूनच्या दहा तारखेला सगळ्यांनी मुंबईला परतायचं.

मी कुदोसानना सांगितलं तेव्हा बाहेर पाऊस होता. त्यांनी हातातली स्केट खाली ठेवली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“कारुपाना-सान... हाचिनोहेला मला काम मिळतंय. मुलांना शिकवायचं. गाव थंड आहे. घर लहान आहे. तुम्ही... राहाल का? माझ्याबरोबर?”

चौदा वर्षं झाली होती आमचे हे जाऊन. मला असं कुणी विचारेल हेच डोक्यात नव्हतं. पदर सावरला, मान खाली घातली आणि त्यांच्याच भाषेत, नीट आठवून म्हटलं,

“दाइजोबु.”

चालेल, म्हणायचं होतं मला.

ते खूप खाली वाकले. “हो का. माफ करा,” म्हणाले, आणि गेले... सरळ, पाठ माझ्याकडे करून. दीड वर्षात पहिल्यांदाच त्यांची जाती पाठ मी पाहिली.

दुसऱ्या दिवशी खिडकी बंद. तिसऱ्या दिवशीही. लाजले असतील, म्हटलं. मग वाटलं, पस्तावले असतील. माझ्या वयाच्या बाईवाचून काय अडलंय कुणाचं? घरात खोकी भरली जात होती. ज्या वारी जो कचरा नेतात त्याप्रमाणे अक्षया एकेक वस्तू टाकायला काढत होती. रात्री भांडी पुसताना मी शमाला सहज विचारलं, “कुणी तुला ‘राहतेस का’ म्हटलं आणि तू ‘दाइजोबु’ म्हटलंस, तर?”

“तर काय? तर नाही राहायचं,” शमा म्हणाली. “नको, माझं मी बघते, असं. आजी, एवढं पण येत नाही तुला?”

माझ्या हातातलं ताट ओट्यावर वाजलं.

अंबरीष लॅपटॉपवर तिकिटं काढत होता. “आई, खिडकीजवळची सीट चालेल ना तुला?”

आयुष्यभर मी हेच म्हणत आले होते. लग्न ठरलं, चालेल. चाळीतली खोली, चालेल. मुलाबरोबर परदेशी, चालेल. ‘हो’ असं कधी कुणाला म्हटलंच नव्हतं. कुदोसाननाही नाही. शब्दाची चूक होती खरी, पण माझं उत्तर तरी कुठे धड होतं?

“नाही चालणार,” मी म्हटलं.

“बरं, मग मधली बघतो.”

“सीट नाही रे. जाणंच.”

सगळं सांगितलं. अक्षया खोक्यावर बसली. अंबरीष चिडून म्हणाला, “तिकडे उणे दहा असतं, आई! तुला इथे दोन स्वेटर पुरत नाहीत.”

“तिसरा घालीन.”

तो उठून बाल्कनीत गेला. आत आला तेव्हा डोळे लाल होते. लॅपटॉपवर तीनच नावं ठेवली त्यानं.

सकाळी मी एकटी गेले. बर्फ वितळवायला सुरुवात झाली होती. सगळीकडे राखाडी पाणी, कडेला बर्फाचे भुरकट तुकडे. कुदोसान धार लावायचं यंत्र खोक्यात ठेवत होते.

“कुदोसान, ते दाइजोबु... चुकलं,” मी म्हटलं. पुढचं जपानी सगळं पळालं होतं. उरला तो एकच शब्द, पहिल्या धड्यातला, होकाराचा. “हाय. हो. हो!”

त्यांनी माझ्या डोळ्यांकडे पाहिलं नाही. जुन्या सवयीनं गळ्याखाली पाहिलं, जिथे ऊर धपापत होता. फसवत नाही, तिथे. मग दोन दात नसलेलं ते हसू आलं.

“चारेरु,” ते म्हणाले.

हाचिनोहेच्या नगरपालिकेत लग्नाचा कागद भरला, त्यावर माझं नाव मी माझ्या हातानं लिहिलं. घर खरंच लहान होतं. रोज सकाळी ते मुलांना शिकवायला निघत, तेव्हा गल्लीच्या टोकापर्यंत उलटे चालत जात, माझ्याकडे बघत. शेजारची म्हातारी खिडकीतून हसायची. “पडाल एक दिवस!” मी ओरडायची. कधी पडले नाहीत.

तिसऱ्या हिवाळ्यात छातीचं दुखणं निघालं. हॉस्पिटलात साथीमुळे आत सोडत नव्हते. चाकाच्या खुर्चीवरून नेताना त्यांनी नर्सला काहीतरी सांगितलं. तिनं खुर्ची वळवली आणि लांब कॉरिडॉरमधून त्यांना उलटं ओढत नेलं, तोंड माझ्याकडे ठेवून, दार बंद होईपर्यंत.

कुदो तेत्सुओ, माझे पती, ९ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी हाचिनोहे इथे वारले. त्यांचं वय त्रेसष्ट होतं.