बत्तिसावं चित्र

हरिदासने ते पुस्तक त्या दिवशी उन्हात ठेवलं नसतं, तर गिरजा वाचनालयाच्या पायरीवरूनच परत गेली असती.

चौऱ्याऐंशी साल, धानकापणीचे दिवस. चामोर्शीच्या त्या लहानशा वाचनालयात ग्रंथपालही हरिदास आणि शिपाईही हरिदासच. व्हरांड्यात पुस्तकं पसरून तो पानांमध्ये कडुलिंबाचा पाला ठेवत होता. शाळेतल्या चित्रकलेच्या नव्या बाई, गिरजा, मासिक परत करायला आल्या, सहज वाकल्या... आणि ओरडल्या, "अगं माय! हा कोन?"

पानावर एक सांगाडा राजाचा हात धरून उभा होता.

"मृत्यू," हरिदास जमिनीकडे बघत म्हणाला.

"मंग त्याले ऊन कायले दाखवता जी? सर्दी झाली का?"

हरिदासला हसू आलं, ते त्याने खोकल्यात लपवलं. पुस्तक दीडशे वर्षांपूर्वीचं, इंग्रजी. कुठल्याशा जुन्या जंगल-बंगल्याच्या अडगळीतून आठवड्यापूर्वीच आलेलं. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली बत्तीस चित्रं, आणि त्यांत कुणीतरी हाताने भरलेले रंग. चित्रावर झिरझिरीत कागद.

"सगळी दाखवा ना."

"उजेडाने रंग उडतात," तो म्हणाला. "दिवसाला... एकच."

हा नियम त्याने त्याच क्षणी केला होता. एवढं धाडस त्याने तोवर आयुष्यात केलं नव्हतं.

मग रोज शाळा सुटली की गिरजा यायची. बोटांना खडूची पूड, पदराला उन्हाचा वास. हरिदास झिरझिरीत कागद उचलायचा आणि दोन डोकी एका चित्रावर वाकायची. पुढचं पान तो एकटा कधी बघत नसे. सावकाराला न्यायला मृत्यू आला, स्वयंपाकघरात आला, नावाड्याकडे आला. नावाड्याच्या चित्रात मृत्यूच्या पांढऱ्या गालावर गुलाबी रंग सांडला होता.

"हा पाहा, लाजून राह्यला," गिरजा म्हणाली. "तुमच्यासारखा. दारात येऊन उभा राह्यते, बोलत काहीच नाई."

"मृत्यू बोलून काय करणार?"

"आन तुम्ही?"

हरिदासने कागद खाली सोडला.

एकदा ती म्हणाली, "आपल्या मार्कंड्याच्या देवळातून तर यम हात हालवत परत गेला. पोरगं देवाले मिठी मारून बसलं, सोडेचना! धरून ठेवाव लागते जी, मंग कोनी नेत नाई."

हरिदासने पानातला कडुलिंबाचा पाला बदलला.

जानेवारीतल्या एका शनिवारी एकतिसावं चित्र झालं. गिरजा उठली नाही.

"शेवटचं आजच दाखवा."

"नियम..."

"उद्या पाहुने येऊन राह्यले. मले पाहाले."

बाहेर बैलगाडी गेली. तिची घुंगरं पार बाजारापर्यंत ऐकू येत राहिली.

"पुस्तक घेऊन घरी या ना," ती हळूच म्हणाली. "बाबाले दाखवा."

"हे पुस्तक बाहेर जात नाही."

"आन पुस्तकवाला? तो जाते का बाहेर?"

हरिदासच्या ओठांवर सगळं आलं होतं... आणि तो म्हणाला, "रविवारी वाचनालय बंद असतं."

ती हसली. मग हसू तसंच ठेवून गेली.

रविवारी मात्र त्याने नियम मोडला. पुस्तक टॉवेलात गुंडाळलं आणि सायकल काढून तो वैनगंगेकाठच्या तिच्या गावी गेला. दारापुढे जाळी वाळत होती, ओसरीवर पाहुणे बसले होते. तिचे वडील, डोमाभाऊ, पुढे आले.

"कोन जी?"

"वाचनालयातून..."

"पोरीनं पुस्तक जमा केलं नाई का?"

आत चहाचं ताट घेतलेली गिरजा थबकली. तिने त्याच्या बगलेतला टॉवेल पाहिला. हरिदासचे गाल तापले.

"नाही, नाही... सगळं जमा आहे," तो म्हणाला, आणि त्याने सायकल वळवली.

वैशाखात तिचं लग्न झालं. ती सिरोंच्याला गेली.

चार वर्षांनी, महाशिवरात्रीच्या आधीच्या शनिवारी, ती वाचनालयात आली. मार्कंड्याच्या यात्रेसाठी माहेरी आली होती.

"बत्तिसावं राह्यलं होतं."

"मीही पाहिलं नाही," हरिदास म्हणाला.

त्याने कागद उचलला. नवरी, नवरा, मांडव, आणि दारात उभा मृत्यू. एकाही रेघेत रंग नव्हता.

"रंगवाचं राहून गेलं वाटते," गिरजा म्हणाली.

"हो... राहून गेलं."

गिरजाने नवरीच्या कोऱ्या झग्यावरून बोट फिरवलं.

"त्या दिवशी टॉवेलात हेच होतं ना?"

"हेच."

"मी ताट खाली ठेवलं होतं जी. तुम्ही सायकल वळवेपर्यंत मी तशीच उभी होती. एक शब्द बोलाचा होता. काऊन नाई बोलले?"

हरिदासने पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाहिलं. "भीती वाटली, गिरजा. तू हो म्हणशील याची."

तिने झिरझिरीत कागद स्वतःच्या हाताने चित्रावर नीट पसरला, आणि पायऱ्या उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. हरिदास सकाळपासून वाचनालयाचं दार उघडून बसला होता.