दोन तुटक, एक लांब

रेडिओवाला घराच्या पुढच्या खोलीतच काम करायचा. टेबलावर बंदराच्या रेडिओचा बोर्ड उघडा पडला होता. त्यातल्या चिपची कुठली पिन काय करेल, हे बनवणाऱ्यानंच एका फाइलमध्ये लिहून ठरवायचं असतं. बुडत्या बोटीकडून मदतीची हाक आली की एका पिनेवर सिग्नल यावा आणि भोंगा वाजावा, एवढंच काम त्याच्याकडे होतं.

पण परवाच्या वादळात भोंगा वाजलाच नाही. बोट गेली, आणि तिच्याबरोबर त्याचे दाजी गेले.

सकाळपासून त्यानं वायरी तपासल्या, भोंगा बदलला, सोल्डर पुन्हा लावलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! चूक त्याच्याच फाइलमध्ये होती. जुन्या बोर्डाचा पिन-नंबर त्यानं नव्याला तसाच चिकटवला होता, आणि नव्या बोर्डावर ती पिन कशालाच जोडलेली नव्हती. कॉम्प्युटरवरच्या चाचणीत सगळं झकास दिसलं, म्हणून या शहाण्यानं प्रत्यक्ष बोर्डावर सिग्नल तपासायचा प्रोब न लावताच 'ठीक आहे' म्हणून सही ठोकली होती. हाक आली होती. रेडिओनं ती ऐकलीही होती. तिला पुढे जायला वाटच नव्हती.

त्याला स्वतःची शिसारी आली, तरी हात थांबले नाहीत. त्यानं नंबर बदलला, चिपमध्ये नवी फाइल भरली, चाचणीचा सिग्नल दिला. भोंगा खणखणीत वाजला. उद्या चौकशीवाले बोर्ड न्यायला येणार होते. त्यांना आता काहीच सापडणार नव्हतं.

ताई चहा घेऊन आली आणि समोर बसली. दाजी गेल्यापासून ती भावाकडेच राहत होती.

"अरे, खरं सांग. यांनी हाक मारली होती का रे?"

चोराच्या मनात चांदणं. तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "नाही, ताई. हाक आलीच नाही."

भोंगा वाजला. दोनदा तुटक, मग लांबच लांब.

दाजी दारावरची बेल अशीच वाजवायचे. दोन टिचक्या, आणि मग दार उघडेपर्यंत बटणावरचं बोट काढायचे नाहीत. ताई दरवेळी रागवायची, आणि दरवेळी धावत जायची.

चाचणीचा सिग्नल चालू राहिला असेल, म्हणून त्यानं तो बंद केला. भोंगा पुन्हा वाजला. अँटेना काढली. वाजला. सिग्नलची रेघ पडद्यावर दाखवणाऱ्या स्कोपचा प्रोब त्यानं नव्या पिनेवर टेकवला. रेघ सपाट होती.

मग तो जुन्या, कशालाच न जोडलेल्या पिनेवर टेकवला.

रेघ उसळत होती.

त्यानं बोर्डाची विजेची वायरच उपटून काढली.

दोन तुटक. एक लांब.

"आले वाटतं," ताई म्हणाली आणि सवयीनं उठली.

"ताई, दार उघडू नकोस!"

कडी निघाली. भोंगा गप्प झाला.

"अगं बाई! अहो, किती भिजलात!"

खिडकीबाहेर कडक ऊन होतं. वायर हातात धरून तो तसाच बसून राहिला.

ताईनं दारातूनच मागे वळून पाहिलं. "अरे, हे विचारताहेत, हाक पोचली होती ना?"