चार हजार एकशे बारावी नोंद

“दोन नोंदी सारख्या दिसल्या म्हून एक पुसून टाकू नका, ताई. आधी मला फोन लावा.”

वाड्यांवर फिरून बाळांची वजनं करणाऱ्या यशोदाबाईंनी हे चैतालीला दोनदा सांगितलं होतं.

चैताली हसली होती. “मावशी, अशा शेकडो असतात. प्रत्येकीसाठी फोन लावत बसले तर माझ्या पोरीला कोण बघणार?”

“तरी पन...” यशोदाबाई म्हणाल्या होत्या.

पुढे जे घडलं ते खरं आहे. चैताली माझी मावसबहीण. भुताखेतांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. आणि ती नोंद मी स्वतः, तिच्या लॅपटॉपवर, माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे.

रात्र नव्हती. गेल्या डिसेंबरातला गुरुवार. दुपारचे पावणेतीन. नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याजवळ चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट. खाली रिक्षांचे हॉर्न, शेजारी कुकरच्या शिट्ट्या. नवरा, समाधान, सिन्नरला कंपनीत. घरात चैताली आणि पाळण्यात झोपलेली आठ महिन्यांची दिशा.

चैताली घरूनच काम करायची. एका संस्थेच्या बायका कळवण, सिन्नरकडच्या वाड्यांवर फिरून नव्या बाळांची वजनं करतात. बाळ कमी वजनाचं असेल तर दर आठवड्याला घरी जायचं, वजन करायचं, गरज वाटली तर दवाखान्यात न्यायचं. प्रत्येक बाळाची फोनवर एक नोंद. त्या सगळ्या नोंदी चैतालीकडे येत. दर आठवड्याला त्या नीट करून, पुढच्या आठवड्यात कुठल्या बाळांकडे जायचं त्याची यादी ती काढायची.

यादीत नाव, तर घरी संस्थेची ताई येणार. यादीत नाव नाही, तर कोणी येणार नाही.

वाड्यांवर रेंज नसते. नोंद गेली नाही असं वाटून बायका पुन्हा बटण दाबतात. मग तेच बाळ दोनदा येतं. डेटाबेसवर काम करणाऱ्या कुणालाही विचारा, रोजची डोकेदुखी. चैतालीनं नेटवर दोन मिनिटांत उत्तर शोधलं होतं. आईचं नाव तेच, गाव तेच, जन्मतारीख तीच, बाळाचं नाव तेच... तर पहिली नोंद ठेवायची, बाकीच्या डिलीट. चार ओळींची क्वेरी, म्हणजे कॉम्प्युटरला दिलेला हुकूम.

नोव्हेंबरअखेर तिनं ती चालवली. सदतीस नोंदी गेल्या. एकही उघडून पाहिली नाही. दिशा रडत होती.

आता तीन आठवड्यांनी, त्या गुरुवारी, तिनं एकूण आकडा काढला.

४,१११ यायला हवा होता.

आला ४,११२.

एक जास्त. तिनं शोधली. सगळ्यात शेवटी होती.

आई : साधना. कळवणच्या पुढची एक वाडी. मुलगी. बाळाचं नाव : बाळ.

त्यात काही नवल नव्हतं. बारसं होईपर्यंत नाव ठेवत नाहीत, म्हणून त्या रकान्यात सगळ्याच बायका नुसतं ‘बाळ’ लिहायच्या.

वजन : १.६ किलो.

साधनाचं बाळ यादीत आधीच होतं. म्हणजे ही डुप्लिकेट. चैतालीनं ती डिलीट केली. आकडा ४,१११ झाला.

तेवढ्यात पाळण्यातून आवाज आला...

बाळ चोखतं ना, तसा. चुक... चुक... चुक.

ती उठून गेली. दिशा गाढ झोपली होती. तोंड मिटलेलं. दोन्ही मुठी दुलईत.

परत येऊन पाहिलं.

४,११२.

तीच आई. तीच वाडी. वजन : १.५ किलो.

“काय कटकट आहे,” ती पुटपुटली आणि पुन्हा डिलीट केली.

४,१११.

मग तिच्या लक्षात आलं... रिक्षांचे हॉर्न थांबले होते. शेजारचा कुकर गप्प. पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज येत नव्हता.

फक्त पाळण्याची कडी. कुई... कुई...

पाळणा हलत होता.

पडद्यावर ४,११२.

वजन : १.४ किलो.

तिनं ऑफिसातल्या महेशला फोन लावला.

“महेश, माझ्या टेबलमध्ये कोण एंट्री करतंय?”

“कोण करणार? ती तुमच्या लॅपटॉपवरची कॉपी आहे, मॅडम. इथला सर्व्हर सकाळपासून बंद आहे.”

“अरे, मी डिलीट करतेय आणि नोंद परत येतेय!”

“पोरगी झोपू देत नाही वाटतं रात्री.” तो हसला. “चहा घ्या. नाहीतर घरचं नेट काढून टाका. मग तुमच्याशिवाय कोण लिहितंय बघू.”

तिनं भिंतीतली वायफायची पिन उपसली. फोन बंद करून सोफ्यावर टाकला. तिसऱ्यांदा डिलीट केलं.

४,१११. ती नजर न हलवता बघत राहिली. एक मिनिट. दोन मिनिटं.

मग कुठूनतरी रडणं आलं. लांबून... बारीक... दम नसल्यासारखं. दिशाचं नव्हतं. आपल्या पोरीचं रडणं आई झोपेतही ओळखते.

तिच्या डोळ्यांसमोर शेवटची ओळ भरू लागली. एकेक अक्षर. कुणीतरी पहिल्यांदाच लिहायला शिकतंय इतक्या सावकाश.

सा... ध... ना...

वजन : १.३ किलो.

आणि तेव्हा तिला यशोदाबाई आठवल्या.

तिनं फोन पुन्हा चालू केला. तीनदा रेंज गेली. चौथ्यांदा लागला.

“मावशी, ती साधना... तिच्या बाळाची नोंद दोनदा का केली होती तुम्ही?”



“दोनदा नाय केली, ताई. दोन पोरी हायेत तिला. जुळ्या.”

“पण नाव तर एकच...” चैताली म्हणाली.

“दोघींचं नाव ठेवलेलं नव्हतं, म्हून दोन्हीकडं बाळच लिव्हलं. एक पावणेदोन किलोची, एक बारकी, एक किलो सहाशेची. म्हनून तर तुमाला सांगत व्हते, फोन लावा म्हून.”

“पण मग तुम्ही जात होतात ना तिच्याकडे? तुम्हाला माहीत होतं ना?”

“माझा पाय मोडला ना. माझ्या जागी नवी पोरगी जाती. तिच्या यादीत एकच बाळ. थंडी लय, म्हून बारकी आत आजीच्या कुशीत. त्या पोरीनं एकीचं वजन केलं नि निघाली. साधनाला वाटलं, ताईनं काही म्हटलं नाय म्हंजे बारकी बरी असंल. दोन खेपा अशाच गेल्या.”

“आता... आता कशी आहे बारकी?”

“मंगळवारी गेली, ताई.”

 चैतालीनं विचारलं, “तिचं वजन कमी होत होतं का? किती झालं होतं?”

“काय म्हाईत?” यशोदाबाई म्हणाल्या. “तिचं वजन पुन्हा कुनी केलंच नाय ना.”

चैतालीनं मान वर केली. पडद्यावर १.३ चं १.२ झालं होतं. या वेळी तिनं काहीच डिलीट केलं नव्हतं.

त्या संध्याकाळी समाधान घरी आला तेव्हा ती दिशाला छातीशी धरून दाराबाहेर जिन्यात बसली होती. तिनं जुन्या बॅकअपमधून सदतीसच्या सदतीस नोंदी काढल्या. रडत रडत प्रत्येक घरी फोन केला. छत्तीस खरोखरच दोनदा भरलेल्या होत्या. छत्तीस बरोबर, एक चूक. क्वेरीचा निकाल म्हणून कुणीही चांगलाच म्हणेल. ऑफिसात कुणी तिला बोललंही नाही.

दुसऱ्या दिवसापासून साधनाच्या मोठीकडे ताई रोज जाऊ लागली. ती आता चांगली अडीच किलोची आहे.

पण ती नोंद...

ती आता चैताली पुसत नाही. पुसायची हिंमत नाही. दर गुरुवारी, पावणेतीनला, वजन थोडं उतरतं. मी गेले होते तेव्हा ०.७ होतं. शून्य झाल्यावर काय, हे आम्ही दोघी एकमेकींना विचारत नाही.

आणि दिशा झोपली की चैताली पाळण्यावर वाकून श्वास मोजते. ती सांगते, कधी कधी एक श्वास संपायच्या आत दुसरा सुरू होतो.

परवा तिनं मला फोन केला.  हळूच विचारलं, “दोघी बऱ्या आहेत ना गं?”

मला एकच मुलगी आहे.

फोन तसाच टाकला. पळत जाऊन मी पाळण्यात बघितलं. एकच होती. तरी मी दुलई पूर्ण काढून पाहिली.

म्हणून तुम्हाला विनवते. तुमच्या गल्लीत, वाडीवर, बिल्डिंगमध्ये कुणी नुकतीच बाळंत झाली असेल, तर आज तिच्याकडे जा. दारातूनच “बाळ बरं आहे ना?” विचारून परत फिरू नका.

आत जा. आजीच्या कुशीत बघा. दुलई बाजूला करून बघा.

किती आहेत, ते मोजा.