कुत्र्याच्या अंगाखालची शाल

कुंपण टिकलं, तर ते घालणाऱ्या क्लबला साथ दिल्याबद्दल डॉक्टर अंबरीश यांना तीन गोष्टी मिळणार होत्या: सोनेरी बटणांचा निळा ब्लेझर, ब्रॅम्बल मेअर सेलिंग क्लबच्या भिंतीवर फोटो आणि रविवारच्या जेवणाला खिडकीजवळचं टेबल. कुंपण पडलं, तर यातलं काहीच नाही.

"एवढ्यासाठी?" वरदाने विचारलं.

"टेबलवरून सगळे बोट्स दिसतात," गंधार पुटपुटला. डॉक्टर अंबरीश त्याचे बाबा, त्यामुळे बाजू घेणं भाग होतं. पण घेताना तो बुटाच्या टोकाने माती उकरत होता.

"आणि माझ्या आजीला काय मिळणार?" सम्यकचा आवाज चढला. "सांग ना! तिला काय?"

उत्तर समोरच उभं होतं. हिरव्या जाळीचं कुंपण, त्यात फाटक, फाटकाला कुलूप आणि वर लाल अक्षरांत पाटी: 'धोका! काठ खचत आहे. आत येऊ नये.'

ब्रॅम्बल मेअर हे लंडनजवळच्या वॉटफर्डच्या कडेचं तळं. एका बाजूला घरांच्या रांगा, दुसऱ्या बाजूला क्लब, आणि मधून काठाकाठाने जाणारी पायवाट. त्या वाटेच्या शेवटी विलोच्या झाडाखाली एक लाकडी बाक होता. बाकावर पितळी पट्टी, आणि पट्टीवर नाव: हरिदास. सम्यकचे आजोबा. गयाबाई आजी वर्षानुवर्षं रोज सकाळी लाल कोट घालून या वाटेने फिरायला येत; आजोबा गेल्यापासून त्या बाकावर जाऊन बसत. कोट ऑगस्टमध्येही! "इथल्या उन्हावर विश्वास ठेवणारी माणसं न्यूमोनियाने माझ्या वॉर्डात यायची," असं त्या सांगत. आजी हॉस्पिटलमध्ये वॉर्ड सिस्टर होत्या. निवृत्त झाल्या, तरी दरारा निवृत्त झाला नव्हता.

समर हॉलिडे सुरू झाली आणि त्याच आठवड्यात कुंपण आलं. बाकाकडे जायला दुसरा रस्ता होता म्हणा. हायवेच्या कडेने, फूटपाथ नसलेला, लॉऱ्यांना खेटून. आजींचं वय एकोणऐंशी.

आज रविवार. आजोबांना जाऊन आज पाच वर्षं झाली होती.

आजी मेणबत्ती घेऊन आल्या. कुलूप पाहिलं. जाळीलगतच गवतावर मेणबत्ती रोवून पेटवली, हात जोडले आणि हलक्या आवाजात वंदना म्हणू लागल्या. तळ्यावरचा वारा काही थांबायला तयार नव्हता. ज्योत विझली. सम्यकने पेटवली. पुन्हा विझली. तिसऱ्यांदा आजींनीच त्याचा हात धरला. "राहू दे, बाळा."

जाळीपलीकडे वीस पावलांवर क्लबचे अध्यक्ष हॅलमसाहेब कॉफीचा मग घेऊन उभे होते. त्यांनी सगळं पाहिलं. मग पाठ फिरवली आणि कॉफीचा घोट घेतला.

"एक 'सॉरी' तरी!" वरदाचे कान लाल झाले. "एक शब्द तरी बोलायचं ना माणसाने!"

पण गंधारचं लक्ष भलतीकडेच होतं. तो जाळीला नाक लावून बघत होता.

"गाईज... तो कुत्रा बघा."

"इथे काय चाललंय आणि तुला कुत्रा दिसतोय?"

"कुत्रा नाही! कुत्र्याच्या खाली! तो शाल!"

"ती शाल," वरदा सवयीने म्हणाली आणि मग तिनेही नाक जाळीला लावलं.

हॅलमसाहेबांचा गलेलठ्ठ लॅब्रेडॉर एका क्रीम रंगाच्या, जांभळ्या काठाच्या शालीवर पसरला होता. शालीवर चिखल, केस आणि कुठल्याशा हाडाचा उरलेला भाग.

"ही आमच्या मंडळाची आहे," गंधार म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "लास्ट कोजागिरीला बाबांनी ह्यांना दिलेली. तबक मीच धरलं होतं!"

दर कोजागिरीला मराठी मंडळ याच काठावर जमायचं. मसाला दूध, गाणी, भेळ आणि मधोमध हॅलमसाहेबांचा सत्कार: शाल, श्रीफळ, पेढ्यांचा बॉक्स. मंडळाने आजवर कुणाकुणाचे सत्कार केले नव्हते! सत्कार न झालेली माणसं फारच थोडी उरली होती. गयाबाई आजी त्यांतल्या एक. का, ते मोठी माणसं सांगत नसत आणि मुलांनी विचारलं की भेळ पुढे करत.

"आणि दुसरी गंमत," वरदा हळूच म्हणाली. "कुत्रा कशाला टेकलाय?"

एका मोठ्या पांढऱ्या व्हॅनला. व्हॅनवर लग्नाच्या केटरिंगची जाहिरात होती. मागे लाकडी फळ्यांची चळत, आणि मऊ गवतात चाकांच्या खोल खुणा थेट पाण्यापर्यंत.

"काठ खचतोय म्हणे!" सम्यक दात आवळून म्हणाला. "आजीच्या वजनाने खचतो आणि व्हॅनने नाही?"

दुसऱ्या दिवशी तिघं क्लबच्या धक्क्यावर गेली. बहाणा तयार होता: शाळेचा प्रोजेक्ट, 'आमच्या तळ्याचा इतिहास-भूगोल'.

"सर, हे तळं हिमयुगापासून आहे, हो ना?" वरदाने गोड आवाजात विचारलं.

"साफ चूक!" हॅलमसाहेब कडाडले. ते इंग्रजीतून बोलत; मराठीत आणताना त्यातला तुसडेपणा थोडा सांडला असेल, तर वाचकांनी आपल्या हाताने वाढून घ्यावा. "हा खड्डा आहे, खड्डा! लंडनची घरं बांधायला इथून खडी काढली. खडी संपली, पंप बंद केले, खड्ड्यात पाणी भरलं. आपल्या काउंटीत अशी कितीतरी तळी आहेत. शाळेत काय शिकवतात तुम्हाला?"

"आणि हा क्लब राणीने सुरू केला ना?" गंधारने विचारलं.

"मूर्खपणा! खडी कंपनीच्या कामगारांनी! दोन गळक्या होड्या घेऊन!"

वरदाने सम्यककडे पाहिलं. या माणसासमोर चुकीचं काही बोललं की तो दुरुस्त केल्याशिवाय राहूच शकत नाही. खाज सुटलेल्या माणसाला पाठ खाजवावी लागते, तसं!

"फळ्या कशासाठी आणल्यात, सर? काठ सावरायला?"

"काठाला काय धाड भरलीय? लग्नांसाठी डेक बांधतोय. पुढच्या वसंतापासून बुकिंग!" एवढं बोलून साहेब जरा थबकले. मग सम्यककडे बोट दाखवून म्हणाले, "आणि कौन्सिलला फोन करून काही होणार नाही, असं घरी सांग. वाट आमची आहे. आम्ही मेहेरबानीने लोकांना जाऊ देत होतो. तुमच्या मंडळाचे डॉक्टर दरवर्षी परवानगीबद्दल आभार मानतात. माइकवरून! व्हिडिओ आहेत माझ्याकडे!"

फोन सम्यकच्या आईने, सुमेधामावशींनी केला होता. कौन्सिलच्या मिसेस ओकली गुरुवारी जागेवर येणार होत्या. त्यांनी मावशींना नियम सोप्या शब्दांत सांगितला होता: वीस वर्षं लोक उघडपणे, कुणालाही न विचारता एखादी वाट वापरत असतील, तर ती सगळ्यांची होऊ शकते. विचारून वापरली, तर ती मालकाची मेहेरबानी. आज दिली, उद्या काढली.

"म्हणजे बाबांनी..." गंधारने वाक्य पुरं केलं नाही.

संध्याकाळी तिघंही डॉक्टरांसमोर उभी होती. आजीही आल्या होत्या, लाल कोटासकट.

"अरे, मॅनर्स असतात काही!" डॉक्टर अंबरीश म्हणाले. "परक्या देशात आलोय. कुणाच्या जागेत जाताना दोन गोड शब्द बोलावेत, मान द्यावा. बिघडलं काय?"

"जागा त्यांची आहे का, ते विचारलंत?" सम्यक म्हणाला.

"हे बघ, तू लहान आहेस..."

"बाबा, त्या शालवर कुत्रा झोपतो!" गंधार ओरडला. एवढा मोठ्याने तो घरात कधीच बोलला नव्हता. "यू गेव्ह दॅट अवे! आजीचा रस्ता तुम्ही देऊन टाकला! ब्लेझरसाठी!"

डॉक्टरांनी गयाबाईंकडे पाहिलं. "ताई, तुम्ही तरी समजून घ्या. तुम्ही क्लबला कधी विचारलंच नसेल ना इतक्या वर्षांत?"

"नाही," आजी म्हणाल्या. "माझं माहेर महाडचं, डॉक्टर. माझे आजोबा चवदार तळ्यावर गेले होते, बाबासाहेबांच्या मागून. ओंजळभर पाणी प्यायले आणि त्यापायी मार खाल्ला. आमच्या घरात पोरांना पहिली गोष्ट ती शिकवायचे. पाण्याकडे जायला कुणाची परवानगी मागायची नाही. इंग्लंडात आले म्हणून मी ती सवय मोडली नाही."

वरदा ताडकन पुढे आली.

"आजी! तुम्ही कधीच विचारलं नाही? एकदाही?"

"सांगितलं ना."

"मग जिंकलोच की! फक्त हे आपण बोलून उपयोग नाही. हॅलमनेच बोलायला हवं!"

"तो कशाला बोलेल?" गंधार म्हणाला.

वरदा हसली. "कारण मी चुकीचं बोलणार आहे."

गुरुवारी फाटकाजवळ बरीच माणसं जमली. गळ टाकून बसणारे टेरीकाका, बाळाची प्रॅम ढकलणारी एक पोलिश बाई, कुत्री फिरवणारे, झालंच तर डॉक्टर अंबरीश धरून मंडळातले चारजण. मिसेस ओकली चिखलात घालायचे वेलिंग्टन बूट घालूनच आल्या होत्या. हॅलमसाहेब सोनेरी बटणांत झळकत होते. लॅब्रेडॉर आपल्या शालीवर होता.

"या वाटेवर आमच्या परवानगीशिवाय कुणीही आलेलं नाही," हॅलमसाहेबांनी सुरुवात केली आणि फोनवर व्हिडिओ लावला. डॉक्टर अंबरीश पडद्यावर हात जोडून म्हणत होते, "आपल्या उदार परवानगीबद्दल मंडळ ऋणी आहे..." खालून टाळ्या. मिसेस ओकलींनी ओठ मुडपले.

"हे तर परवानगीसारखंच दिसतंय," त्या म्हणाल्या.

सम्यकच्या मुठी आवळल्या. तेवढ्यात वरदा पुढे झाली, चेहरा अगदी भाबडा करून.

"मॅडम, सर म्हणतात ते खरंच आहे. आता ह्या आजी... ह्या तर इथे गेल्या वर्षीच यायला लागल्या. तेसुद्धा हॅलमसरांनी प्रेमाने हाताला धरून नेलं म्हणून. सर आणि आजी रोज गप्पा मारायचे."

"साफ चूक!" हॅलमसाहेबांचा मोह आवरला नाही. "गेल्या वर्षी? हा लाल कोट मी क्लबहाउस बांधत होतो तेव्हापासून बघतोय! पंचवीस वर्षं तरी झाली असतील! पाऊस असो, बर्फ असो, रोज सकाळी माझ्या खिडकीसमोरून!"

"पण तुमच्या परवानगीने ना, सर? तुम्हीच तर त्यांना..."

"परवानगी? मी?" हॅलमसाहेब लालबुंद झाले. "त्या बाईशी मी आयुष्यात एक शब्द बोललेलो नाही! साधं गुड मॉर्निंगसुद्धा नाही!"

कुणी हसलं नाही. टेरीकाकांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. पंचवीस वर्षं. रोज सकाळी. खिडकीसमोरून.

"एक शब्दही नाही," मिसेस ओकली सावकाश म्हणाल्या. "म्हणजे हो नाही आणि नाहीसुद्धा नाही. धन्यवाद, मिस्टर हॅलम. मला नेमकं हेच हवं होतं."

"मीही कधी विचारलं नाही," टेरीकाका म्हणाले. "मी पण नाही," पोलिश बाई म्हणाली. एकेक हात वर होऊ लागला.

हॅलमसाहेब डॉक्टरांकडे वळले. "पण... डॉक्टर! तुम्ही सांगा ना! तुम्ही सगळ्यांच्या वतीने..."

गंधार तोवर कुत्र्यापाशी पोचला होता. त्याने शाल ओढून काढली आणि ती दोन्ही हातांवर धरून, तबक धरतात तशी, बाबांसमोर आणली. तिला भयंकर वास येत होता.

डॉक्टर अंबरीश त्या जांभळ्या काठाकडे बघत राहिले.

"मी परवानगी मागितली ती मंडळाच्या कार्यक्रमापुरती," शेवटी ते म्हणाले. "गयाताईंच्या वतीने मागायचा अधिकार मला कुणी दिला नव्हता. आणि मला वाटतं, मंडळाच्या वतीनेही मागायची गरज नव्हती." मग जरा थांबून, "ब्लेझर मला नको, मिस्टर हॅलम. मापात बसणार नाही."

"अंतिम निर्णयाला बरेच महिने लागतील," मिसेस ओकली म्हणाल्या. "पण तोवर हे कुलूप ठेवा, असा सल्ला मी तुम्हाला नक्कीच देणार नाही. आणि काठ खचत असेल, तर ती व्हॅन आधी काढा. जिवाला धोका आहे!"

हॅलमसाहेबांनी किल्ली काढली. फाटक उघडलं. आजी त्यांच्या अगदी समोर जाऊन थांबल्या.

"गुड मॉर्निंग," आजी म्हणाल्या.

साहेबांना उत्तर द्यावं लागलं. सगळे बघत होते.

बाकावर आजींनी पितळी पट्टी कोटाच्या बाहीने पुसली. मागून आलेल्या डॉक्टरांनी घसा साफ केला. "पोरांनो, शाबास! तुम्ही आमचे डोळे उघडलेत. या कोजागिरीला मंडळातर्फे तिघांचा आणि ताईंचा सत्कार, शाल-श्रीफळ देऊन..."

"शाल नको," आजी म्हणाल्या. "नारळ पाठवा. चटणीला होईल."

गंधार एवढा हसला की बाकावरून घसरला. पण सम्यक हसला नाही. तो आजीच्या खिशातून डोकावणाऱ्या मेणबत्तीकडे बघत होता. अर्धी जळलेली, रविवारची.

"आता लावूया ना, आजी?"

"लावू. वारा पडलाय." काडी ओढता ओढता आजी म्हणाल्या, "दिवस मात्र गेला रे तो."

तेव्हा हिशेब असा झाला. हॅलमसाहेबांचा डेक लांबणीवर गेला आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदा एक गुड मॉर्निंग खर्ची पडलं. डॉक्टरांचा ब्लेझर गेला, खिडकीजवळचं टेबल गेलं. कुत्र्याची गादी गेली. त्या बिचाऱ्याचा यात काहीच दोष नव्हता. हे सगळं मिळून एका पारड्यात घाला. दुसऱ्या पारड्यात एका रविवारची सकाळ ठेवा, जाळीबाहेर दोनदा विझलेली मेणबत्ती ठेवा. चूक सगळ्यांची होती. किंमत एकट्या आजींनी मोजली, आणि ती त्यांना कुणीही परत केली नाही.