मांदेली, सुरमई आणि मुलुंडचा पोरगा

दिपालीला सौरभ पहिल्यांदा दिसला तोच तिच्या खुर्चीत बसलेला. मुलुंडचा हा नवा पोरगा तिचाच कोड उघडून गालातल्या गालात हसत होता. आता बोला!

अंधेरीच्या त्या ऑफिसात मढच्या कोळणींसाठी म्हावऱ्याच्या, म्हणजे मासळीच्या, ऑर्डरची वेबसाइट बनत होती. दिपालीने ती स्वेल्ट नावाच्या फ्रेमवर्कमध्ये बांधलेली. सौरभने आल्या आल्या रिअ‍ॅक्ट या दुसऱ्या फ्रेमवर्कमध्ये तिचाच नमुना केला. ऑफिसच्या झकास लॅपटॉपवर दोन्ही पानं सारखीच पळाली. मग ऑफिसचे साहेब, श्यामसुंदर सर म्हणाले, सौरभचा कोड वाचायला सोपा, तोच ठेवू. दिपालीचा काढून टाका.

वर्षभराची मेहनत कचऱ्यात? दिपाली मढची कोळीण, गप्प बसते होय!

"लॅपटॉपवर म्हावरं कोण विकतं, सर? धक्क्यावर चला, माझ्या आईच्या फोनवर उघडून दाखवा. हरेल त्याने पाटीभर बोंबील साफ करायचे."

सर नाही म्हणाले. तरी बाई वर्सोव्याहून मढच्या होडीत बसलीच... आणि मागोमाग सौरभ.

धक्क्यावर तिच्या आईने, कृष्णाबाईंनी, ओले हात पदराला पुसून काच तडकलेला फोन पुढे केला. नेटवर्कची एकच दांडी. दिपालीचं पान उघडलं. सौरभचं आपलं गोल गोल फिरतंय...

"रिअ‍ॅक्टला बोलू नकोस," तो खाली मान घालून म्हणाला. "मोठाले जड फोटो मीच कोंबलेत." आणि मुकाट विळीवर बसला.

तेवढ्यात सरांचा फोन. दिपालीने तो स्पीकरवर टाकला.

"माझाच कोड राहणार, सर. काढायचा तर आधी मला काढा."

"मलाही," सौरभ बोंबलाशी झटापट करत ओरडला.

 सर म्हणाले, बरं, राहू दे, पण तो वाचता येईल असा करा.

"बरोबर आहे त्यांचं," सौरभ म्हणाला. "फंक्शनला मांदेली, सुरमई अशी माशांची नावं कोण देतं गं? तीनदा वाचला मी तुझा कोड."

"कामापुरता एकदा बस होता ना?"

"पहिल्यांदा कामासाठीच वाचला..."

"आणि मग?"

"मग — तू लिहिलाय म्हणून."

दिपालीने तोंड समुद्राकडे फिरवलं. हसू लपेना. मग ती त्याला खेटूनच बसली.

"वाचायला सोपा कोड लिहिण्यात मी हरले ना," म्हणत तिने अर्धे बोंबील आपल्याकडे ओढले.

कृष्णाबाईंनी गुपचूप बोंबलांची दुसरी पाटी आणून ठेवली.