अंमळ म्हणजे किती?

आमटी उडाली ती थेट अप्पाआजोबांच्या चष्म्यावर!

"अरे, अंमळ वर म्हटलं होतं मी!" अप्पा ओरडले.

"अंमळ म्हणजे किती?" गुंड्या रोबोटनं नम्रपणे विचारलं. त्याचा कोपर मात्र रिकामा चमचा गरगरा फिरवतच होता.

शर्वाणी पोट धरून हसली. मग एकदम तिला कालची रात्र आठवली.

अप्पांनी सारी हयात विजेच्या मोटरींचे आराखडे काढले. आता त्यांचे हात कापत. कुणी घास भरवलेला त्यांना खपत नसे. गुंड्यानं भरवलेला चाले. त्याच्या कोपरातली मोटर काल जळाली, म्हणून शर्वाणीनं आज टेबलफॅनची बसवली होती. अप्पा काल रात्री उपाशीच झोपले होते आणि आईनं बजावलं होतं, "आता मीच भरवणार."

"मोटर ती मोटर ना, अप्पा? फिरली की झालं."

"उघड बरं तिला."

उघडली.

बाहेर तांब्याच्या तारेची वेटोळी. हा स्टेटर (न हलणारा भाग). आत ॲल्युमिनियमच्या दांड्यांचा पिंजरा. हा रोटर (फिरणारा भाग).

"ही प्रवर्तन मोटर," अप्पा म्हणाले. "वेटोळ्यांत वीज गेली की चुंबकीय क्षेत्र गोल फिरू लागतं. त्यानं पिंजऱ्यात, तारेनं न जोडताही, वीज उमटते. हेच प्रवर्तन. मग पिंजरा चुंबक होतो आणि त्या क्षेत्रामागे धावतो."

"गाठतो?"

"छे! गाठलं तर वीजच उमटणार नाही, जोर संपला. म्हणून कायम थोडा मागे. स्वस्त, दणकट, वर्षानुवर्षं फिरेल बापडी. पण 'आत्ता कुठवर वळलीस?' असं विचारलंस तर?"

"ठाऊक नाही!"

शर्वाणी उठली. कोपऱ्यात तिचा लाडका यंत्रहात होता, तिच्याशी बुद्धिबळ खेळणारा, सोंगटी नेमक्या घरात ठेवणारा. ती त्याच्याकडे बघत राहिली.

बघत राहिली.

मग स्क्रूड्रायव्हर घेतला.

"अगं, तुझा खेळगडी तो!"

"तुम्ही जेवा आधी."

त्यातून निघाली सर्व्हो मोटर. हिचा रोटर बारीक आणि हलका, म्हणून झटकन निघतो, झटकन थांबतो. त्यावर कायमचे चुंबक. शेपटीला एन्कोडर (रोटर किती वळला ते मोजणारा). त्याचं ऐकून हुकूम सोडतो तो नियंत्रक.

गुंड्याच्या कोपरात आता अशी कुजबुज:

– चाळीस अंशांवर जा.
– अडतीस झाले.
– अजून.
– एक्केचाळीस! चुकलं!
– मागे ये.
– चाळीस.
– तिथंच धरून राहा.

चमचा वर आला. थेंब सांडला नाही. पण ऐनवेळी अप्पांची मान हलली आणि आमटी हनुवटीवर.

"कोपराला स्वतःची जागा कळते गं, माझ्या तोंडाची नाही," अप्पा पुटपुटले.

शर्वाणीनं गुंड्याचा कॅमेरा नियंत्रकाला जोडला. आता गुंड्या बघे, सरके, पुन्हा बघे. घास तोंडात गेला. मग दुसरा. वाटी संपली.

"कळलं!" गुंड्या म्हणाला. "अंमळ म्हणजे आकडा नाही. थोडं जायचं, बघायचं, चूक सुधारायची."

शर्वाणी मात्र अप्पांच्या थरथरत्या हाताकडे बघत होती. "अप्पा, हात डावीकडे थरथरला की उजवीकडे ढकलणारी इवलीशी सर्व्हो मनगटाला बांधली तर? तुम्ही तुमच्या हातानं जेवाल!"

"आणि मी?" गुंड्यानं विचारलं.

"तू आमटी वाढ."

अप्पांनी हात पुढे केला.

"घे माप. पण हलकी बनव हं, नाहीतर चमचा वर जाण्याआधी तिच्या वजनानं माझा हातच खाली बसेल."