रिकाम्या तिवईवरच्या माश्या

हवालदार चौकीचं कुलूप उघडायला आले, तेव्हा मधवाल्या आबांची सून पायरीवर उभी होती. धावत आली असावी. एका पायातली चप्पल वाटेतच कुठेतरी राहिली होती.

"पेटी गेली," ती म्हणाली. "मधमाश्यांची. कडेची, सगळ्यांत भरलेली. काल दिवेलागणीपर्यंत होती. चला साहेब, लवकर चला!"

"दमाने सांग."

गावात सगळे त्यांना पाठीमागे 'दमाने' म्हणत. कुणाची कोंबडी हरवो की कुणाचं डोकं फुटो, हवालदारांचा पहिला शब्द हाच असायचा.

"दमाने कसं सांगू? चोरानं दार बंद करून पेटी उन्हात ठेवली असेल, तर दुपारपर्यंत आतल्या माश्या गुदमरून मरतील. आणि आबा म्हणतात, मीच कुणाला तरी विकली!"

हवालदारांनी कुलूप पुन्हा लावलं आणि तिच्याबरोबर निघाले.

आबांच्या परसात भिंतीच्या कडेने पेट्यांची रांग होती. प्रत्येक पेटी एका लाकडी तिवईवर, आणि तिवईच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, म्हणजे मुंग्या वर चढत नाहीत. शेवटची तिवई रिकामी होती. आबा पायरीवर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते.

"या," ते म्हणाले. "बघा आमच्या राणीसरकारांचा कारभार. उद्या पेट्या बागेत न्यायच्या होत्या. मोहोर आलाय, फळ धरायला माश्या लागतात. बागवाला दारात येऊन काय म्हणाला माहीत आहे? 'सूनबाईंच्या पेट्या पाठवा.' माझं नावसुद्धा घेतलं नाही. या माश्या मी वाढवल्या, आणि नाव हिचं!"

"आबा, मी त्याला तसं म्हणायला सांगितलं नव्हतं."

"तू गप्प बस. सूर्य मावळायच्या आत पेटी जागेवर आली नाही, तर बाकीच्या सगळ्या पेट्यांचं मी बघेन. तू पुन्हा या परसात पाऊल टाकायचं नाहीस."

सुनेचा चेहरा पडला. नवरा ट्रकवर असायचा, महिन्यातून एकदा घरी यायचा. या घरात तिचं म्हणावं असं एवढंच होतं.

हवालदार तिवईजवळ उकिडवे बसले. वाट्यांमधलं पाणी सांडलेलं नव्हतं. पेटीच्या झाकणावर ठेवायचा दगड बाजूला नीट मांडून ठेवला होता. जमिनीवर एकही मेलेली माशी नव्हती.

"मला यातलं काही कळत नाही," ते सुनेला म्हणाले. "मी दुसरीतला मुलगा आहे असं समज. पेटी उचलायची कशी?"

"अंधार पडता पडता उचलायची. दिवसभर माश्या बाहेर असतात, तेव्हा सगळ्या परत येतात. मग दाराच्या फटीत ओला फडका कोंबायचा. पेटी तिरकी होऊ द्यायची नाही, आतल्या पोळ्यांच्या चौकटी एकमेकींवर आपटल्या की राणी चिरडते. एकट्या माणसालाही डोक्यावरून नेता येते, पण हळू."

"म्हणजे चोराला हे ठाऊक होतं."

"हो."

स्वयंपाकघरातून आबांची मुलगी चहा घेऊन बाहेर आली. तिचं सासर गावातच होतं, मागच्या आळीत. बातमी कळताच ती धावून आली होती. तिने पहिला कप आबांना दिला, दुसरा हवालदारांना, आणि मग वहिनीच्या पाठीवरून हात फिरवला.

"वहिनी, रडू नकोस गं. माश्या शहाण्या असतात. कुणी का नेली असेना पेटी, दार उघडलं की चरून येतील आणि आपल्या पेटीत शिरतील. आपलं घर त्या विसरत नाहीत."

"वन्सं, तुमच्या तोंडात साखर पडो," सून म्हणाली. पण तिचं लक्ष उन्हाकडे होतं.

"तुम्हालाही माश्यांचं बरंच माहीत दिसतं," हवालदार म्हणाले.

"आबांची मुलगी आहे मी! लहानपणी धुराचं भांडं माझ्याच हातात असायचं."

"डसल्या तरी रडायची नाही," आबा म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा मऊ झाला.

"मग पुढे काय झालं?"

"पुढे काय, मोठी झाली. पेट्या हलवायच्या म्हणजे रात्रीचं काम. बागांमधून हिंडायचं, मांडवाखाली झोपायचं. वयात आलेल्या मुलीला कुठे घेऊन फिरायचं?"

"आणि सून?"

"नवरा ट्रकवर लागायच्या आधी ती त्याच्याबरोबर यायची की."

मुलीने रिकामे कप गोळा केले. एकावर एक ठेवताना ते जरा जोरात वाजले.

"मी घरी जाऊन येते," ती म्हणाली. "गुरांना पाणी दाखवायचंय."

भिंतीपलीकडे शिंप्याचं घर होतं. हवालदारांनी भिंतीवरूनच हाक मारली. शिंपी मशीनवरून उठून आला. त्याचा डावा डोळा सुजून पार मिटला होता.

"परवा 'पेटी जाळून टाकीन' असं कोण ओरडत होतं?"

"मीच. सगळ्या गावाने ऐकलंय, नाही कशाला म्हणू?"

"का?"

"का म्हणजे? हा डोळा बघा! गिऱ्हाईक माप द्यायला आलं आणि मला बघून पळालं. इकडे हिच्या दारात मधासाठी रांग, आणि माझ्याकडे उसवलेली पिशवी घेऊनसुद्धा कुणी येत नाही."

"म्हणजे जळतोस."

"जळतो की. पण साहेब, एका माशीने माझी ही दशा केली. अख्ख्या पेटीला हात लावला असता, तर मी या दारातून आत मावलो असतो का?"

सून एवढ्या काळजीतही हसली. शिंप्याला तेवढंच हवं होतं. भिंतीवर कोपरं टेकून तो तिथेच उभा राहिला.

हवालदार ओढा ओलांडून नानांकडे गेले. आबांच्या खालोखाल पेट्या नानांच्याच. जाळीचा टोप मानेवर टाकून ते आपल्या पेट्या तपासत होते.

"आबांची पेटी गेली," हवालदार म्हणाले.

"ऐकलं. फार वाईट झालं. म्हणजे, तसं म्हणायची पद्धत आहे."

"तुम्हाला वाईट वाटलं नाही?"

"खरं सांगू? माझ्या पेट्या दर वर्षी बागेत जायच्या. यंदा बागवाल्याने सुनेला विचारलं. कालची मुलगी ती! रात्री झोप लागली नाही मला. हेवा वाटला, लिहून घ्या. पण चोरी? बघा ना, मोजून घ्या माझ्या पेट्या."

"इथे नसेल. दुसरीकडे लपवली असेल."

नानांनी हातातली चौकट पेटीत ठेवली. "हवालदार, या धंद्यातला माणूस गावातली पेटी चोरून गावात ठेवेल? माशी पेटी ओळखत नाही, जागा ओळखते. थोड्या अंतरावर पेटी हलवली, की बाहेर पडलेली माशी सरळ जुन्या जागी येते आणि तिथेच घिरट्या घालत बसते. म्हणून आम्ही पेटी हलवली तर चांगली लांब नेतो, तिला ओळखीचं झाड दिसणार नाही इतकी लांब. आणि लांब न्यायला गाडी लागते. काल कुणाची गाडी गावाबाहेर गेली?"

कुणाचीच गेली नव्हती. नाक्यावर हवालदार स्वतः बसले होते.

"माझ्याबरोबर चला," ते म्हणाले. "तुमचं काम पडेल."

दोघे परसात शिरले, तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. आबा अजून पायरीवर होते आणि शिंपी भिंतीवर. सून मात्र रिकाम्या तिवईसमोर उभी होती आणि दोन्ही हात तोंडावर ठेवून बघत होती.

तिवईवर माश्या उतरत होत्या. आधी चार-दोन, मग झुबकेच्या झुबके. जिथे पेटीचं दार असायचं, त्या मोकळ्या हवेत त्या घुटमळत होत्या. काही थकून फळीवर बसल्या होत्या. पायांना परागाचे पिवळे गोळे तसेच.

"माझ्या आहेत," सून म्हणाली. "साहेब, जिवंत आहेत!"

"पेटी जवळच आहे," नाना म्हणाले. "आणि आताच कुणीतरी दार उघडलंय."

आबा उठले ते तडक भिंतीकडे. "शिंप्या, दार उघड तुझं! घराची झडती घेतो तुझ्या!"

"घ्या की. केर तरी निघेल."

"दमाने," हवालदार म्हणाले. "आबा, खाली बसा."

तेवढ्यात मागच्या दाराने आबांची मुलगी परत आली. तिवईकडे तिची नजर गेली आणि ती उंबऱ्यातच थबकली. इतक्या माश्या रिकाम्या जागेवर का जमल्या, हे तिला कळत नव्हतं. चेहऱ्यावर भीती नव्हती, गोंधळ होता. पाढा बरोबर म्हणूनही उत्तर चुकलं की मुलांचा होतो, तसा.

हवालदार तिच्याकडे बघत बोलू लागले.

"चोराने दोन गोष्टी केल्या. एक अगदी बरोबर आणि एक अगदी चूक. बरोबर आधी बघू. दिवेलागणीची वेळ साधली, दगड बाजूला ठेवला, वाटीतलं पाणीही हललं नाही, एक माशी मेली नाही. हे शिंप्याला जमलं असतं का?"

"जमलं असतं तर दोन्ही डोळे गेले असते," शिंपी म्हणाला.

"आता चूक. पेटी गावातच ठेवली आणि दिवसा दार उघडलं. माश्या इथे आल्या आणि चोरी उघडी पडली. नाना, तुम्ही असं केलं असतं?"

"माझा नातूही करणार नाही."

"शिवाय दार उघडलं, तेव्हा नाना माझ्याबरोबर होते. शिंपी आणि आबा इथे सुनेच्या नजरेसमोर. म्हणजे चोर असा हवा, ज्याला पेटी बंद करून उचलता येते, पण हलवल्यावर माश्या काय करतात ते माहीत नाही. निम्मं शिकलेला. आणि तो निर्दयही नव्हता. दार उघडलंच नसतं, तर आपल्याला काहीच कळलं नसतं. माश्या मात्र मेल्या असत्या. ते त्याला बघवलं नाही."

हवालदारांनी टोपी काढून घाम पुसला.

"सकाळी एक जण म्हणालं, की कुणीही पेटी नेली तरी माश्या आपल्या पेटीतच परततील. मला तेव्हा ते पटलं. नानांनी उलटं सांगितलं, तेव्हा प्रश्न पडला, की आबांच्या घरात वाढलेल्या माणसाला ही साधी गोष्ट कशी माहीत नाही? मग आठवलं. पेट्या हलवायचं काम रात्रीचं. आणि रात्री तिला कधी नेलंच नाही."

आबांनी सावकाश मान वळवली.

"तू?"

मुलगी उंबऱ्यावर बसली. "आमच्या गोठ्यात आहे," ती म्हणाली. "कडब्याच्या मागे. मगाशी पेटीला कान लावला. आत नुसता कल्लोळ चालला होता, फडका वाळून कडक झाला होता. काढला मी. वाटलं, चरून परत तिथेच येतील."

"अगं पण का? तुला मध कमी पडतो का? मागशील तेवढा—"

"मध नकोय मला!" ती ओरडली. "ती आल्यापासून बघतेय. धुराचं भांडं तिच्या हातात. राणी कशी ओळखायची, ते तिला सांगता. जेवताना तिच्याशी बोलता ते पण माश्यांचं. मी आले की विचारता, गाय दूध किती देते? ती पेटी ज्या पोळ्यापासून झाली, ते पोळं कुणी धरलं होतं, आबा? मी झाडावर चढले होते. मी! आणि उद्या ती जाणार बागेत."

"मग मला सांगायचंस."

"सांगितलं होतं. एकदा गाडीत चढूनही बसले होते. तुम्ही दंडाला धरून खाली उतरवलंत."

शिंपी हळूच भिंतीपलीकडे खाली बसला.

हवालदार सुनेकडे वळले. "पेटी तुझी. तक्रार लिहू का?"

सुनेचे डोळे कोरडे होते. तिने नणंदेकडे बघितलं. त्या बघण्यात माया मुळीच नव्हती.

"आबा मला घालवून देणार होते, वन्सं. तुम्ही चहा करत होतात आणि ऐकत होतात."

नणंदेने मान खाली घातली.

"तक्रारीचं नंतर बघू. आधी माश्या. या इथल्या थकतील आणि मरतील. पेटी आत्ताच्या आत्ता जागेवर यायला हवी."

"भर दुपारी?" नाना म्हणाले. "गोठ्यातल्या निम्म्या बाहेर असतील."

"त्यांनाही हीच जागा माहीत आहे. पेटी इथे आली की इथेच येतील. आणायची कशी ते मी सांगते. उचलायची मात्र वन्संनी."

"तुझ्याकडून शिकू मी?" नणंद ताडकन म्हणाली. एवढं होऊनही मान वर आली होती.

"मग त्यांच्याकडून शिका."

सगळ्यांनी आबांकडे बघितलं. आबा पायरीला धरून उठले. कोनाड्यातलं धुराचं भांडं त्यांनी घेतलं, झटकलं आणि मुलीपुढे धरलं. तिने ते घेतलं.

आळी अरुंद होती, दोनच माणसं शेजारी चालू शकतील एवढी. आबा पुढे निघाले. सूनही सवयीने त्यांच्या बरोबरीने चालू लागली, चौकटी कशा आवळायच्या ते बोलत. नणंद मागे होती, हातात भांडं घेऊन.

ती काही पावलं तशीच चालली. मग पदर खोचून भराभर पुढे गेली आणि दोघांच्या मधे घुसली.